मरळ गळाला कशी लागते, आणि कोणती मरळ सोडून द्यावी



भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, की आपल्याकडचा माणूस संध्याकाळी दोन घटका तळ्याकाठी बसतो. हातात कळकाची काठी, डब्यात चार गांडुळे. शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी, अंबरनाथ या तालुक्यांत अशी काठी नाही असे गाव विरळाच. पण हल्ली तक्रार एकच ऐकू येते: "पूर्वी या तळ्यात मांडीएवढी मरळ लागायची, आता नावालाही दिसत नाही." असे का झाले? दोष गळाचा नाही. दोष आहे तो वेळेचा. मरळ कधी धरावी आणि कधी धरू नये हे आपण विसरलो. या पत्रकात दोन्ही गोष्टी सांगतो. आधी मरळ गळाला कशी लावायची ते, आणि मग ती टिकवायची कशी ते.

मरळीचा स्वभाव

ज्याला मरळ धरायची आहे त्याने आधी तिचा स्वभाव ओळखावा. मरळ शिकारी मासा आहे. लहान मासोळी, झिंगे, किडे, बेडूक हे तिचे अन्न. ती भक्ष्यामागे फार लांब धावत नाही. मांजर उंदरासाठी बसते तशी ती गवताच्या आडोशाला दबा धरून बसते आणि भक्ष्य टप्प्यात आले की एकदम झडप घालते.

दुसरी गोष्ट तिच्या श्वासाची. रोहू, कटला पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतात. मरळीला तेवढ्याने भागत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची वेगळी सोय असते, म्हणून ती थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तोंडाने हवा घेते. वर येता आले नाही तर मासा असूनही ती गुदमरून मरते. याच सोयीमुळे ती गढूळ, कोंदट पाण्यात जगते, तळे आटले तर ओल्या चिखलात दिवस काढते, आणि बाजारात ओल्या पोत्यात जिवंत राहते. जिवंत मासा म्हणूनच तिला भावही चांगला मिळतो.

जागा आणि वेळ

मरळ मोकळ्या, खोल पाण्यात शोधू नका. पाणकणसाची बेटे, कमळाची पाने, जलपर्णीची कड, पाण्यात पडलेले झाड, बांधाखालची कपार, ही तिची घरे. उल्हास नदीत मोहन्याच्या वरच्या अंगाला जलपर्णी दाटते. तिच्या मधोमध गळ टाकून उपयोग नाही, तो अडकून बसेल. जलपर्णी संपते आणि मोकळे पाणी लागते ती कड धरा.

गरवायला उत्तम काळ म्हणजे पाऊस सरल्यावर आश्विन-कार्तिकाचे दिवस, आणि पुढे माघापासून वैशाखापर्यंत. उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्याआधी आणि सांजवेळी बसा. पौषाच्या थंडीत मासा सुस्त असतो, तेव्हा उलट दुपारी ऊन तापल्यावर बसावे.

काठावर गेल्या गेल्या गळ टाकू नका. पाच-दहा मिनिटे गुपचूप उभे राहा. तुमची सावली पाण्यावर पडता कामा नये, पाय आपटता कामा नयेत. कुठे पाणी हलते, कुठे "चुबुक" असा आवाज होऊन बुडबुडा फुटतो, ते बघा. तिथे मरळ हवा घ्यायला वर आली होती. गळ नेमका तिच्या डोक्यावर टाकाल तर ती पळेल. तिच्या पलीकडे दोन-तीन हात टाका आणि हळूहळू तिच्या समोरून ओढत आणा.

आमिष कोणते लावावे?

गांडुळाला मरळ लागते, नाही असे नाही. पण गांडुळाला बारीकसारीक मासेच आधी झोंबतात आणि गळ रिकामा करतात. कणकेचा गोळा, पेंड हे रोहू-मृगळाचे खाणे, मरळीच्या कामाचे नाही. तिला हलते, पळते भक्ष्य हवे.

पुष्कळजण जिवंत बेडूक लावतात. बंधूंनो, ते टाळा. बेडूक भाताच्या खाचरात रात्रभर किडे खातो आणि त्याची मजुरी मागत नाही. एके काळी परदेशी पाठवण्यासाठी बेडकांच्या तंगड्यांचा मोठा धंदा चाले. शेवटी १९८७ साली सरकारला ती निर्यात बंद करावी लागली. तेव्हा आपला राखणदार आपल्याच हाताने गळाला लावू नका.

त्याऐवजी खोटा बेडूक करा. तुटलेल्या हवाई चपलेच्या तळाचा अंगठ्याएवढा तुकडा कापा आणि पुढून निमुळता करा. हे रबर पाण्यावर तरंगते. त्यात गळ असा बसवा की त्याचे टोक वरच्या बाजूला, पाठीवर येईल. टोक वर राहिले की गवतातून ओढताना तो अडकत नाही. मागे सुतळीचे चार धागे सोडून शेपूट करा, पोहताना ते पायांसारखे हलतात. शहरातल्या दुकानांत असेच तयार रबरी बेडूकही मिळतात, पण त्यावाचून काही अडत नाही.

बेडूक ओढण्याची रीत महत्त्वाची. एकसारखा ओढू नका. दोनदा टिचकी द्या, थांबा. पुन्हा टिचकी द्या, पुन्हा थांबा. खरा बेडूकही असाच पोहतो. पुष्कळदा मरळ झडप घालते ती आमिष थांबलेले असतानाच.

मोकळ्या पाण्यासाठी धातूची चमकती पत्री चांगली. चमच्याच्या पाळ्यासारखी ही पत्री ओढताना डुलते आणि घाबरून पळणाऱ्या मासोळीसारखी दिसते. रंगाचा हिशेब सोपा आहे: स्वच्छ पाण्यात पांढरी, रुपेरी पत्री, गढूळ पाण्यात पिवळी पितळी. सांजेच्या अंधुक वेळी बेडूक काळा असावा. मरळ खालून वर बघते, आणि आभाळाच्या उजेडावर काळे आमिष उठून दिसते.

तंगूस जाड घ्या, पंधरा-वीस किलो वजन पेलेल असे. मरळ लागली की गवतात घुसते, बारीक तंगूस तिथेच तुटतो.

झडप पडली की घाई नको

पाणी उसळले की आपला हात आपोआप झटका देतो आणि आमिष तिच्या तोंडातून निसटते. तसे करू नका. मनात "एक, दोन" म्हणा. तिला आमिष घेऊन खाली वळू द्या. तंगूस ताणला की मग जोराने ओढा, आणि पुढे ढील देऊ नका. काठावर आल्यावर ओल्या फडक्याने डोक्यामागे धरा. तिचे दात बारीक पण तीक्ष्ण असतात. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवलात तर गळ झटकन निघतो, आणि सोडायची मरळ फारशी जखम न होता परत पाण्यात जाते.

सोडायची मरळ कोणती?

आता मुद्द्याची गोष्ट. पावसाळ्यात मरळ विणीला येते. उथळ पाण्यात गवत बाजूला सारून ती गोल मोकळी जागा करते, तेच तिचे घरटे. तिथे अंडी पाण्यावर तरंगतात आणि दीड-एक दिवसात फुटतात. पिल्ले तांबूस रंगाची असतात आणि शेकडोंच्या थव्याने वर पोहतात. लांबून पाण्यावर लाल चादर हलल्यासारखी दिसते. या थव्याखाली आईबाप राखण करीत फिरत असतात. जवळ काहीही आले की त्यावर धावून जातात.

हे गुपित गळवाल्याला माहीत असते. लाल थव्यात आमिष टाकले की मरळ हमखास लागते. ती भुकेने नाही लागत, पिल्लांवर संकट आले म्हणून धावते. ती गेली की राखण संपली. मग इतर मासे, पाणसाप, पक्षी थोड्याच वेळात थवा फस्त करतात. एक मरळ ताटात आली, पण पुढच्या दोन-तीन वर्षांची शेकडो पिल्ले बुडाली. भाताचे बी शिजवून खावे आणि मग पेरायला काय म्हणून विचारावे, त्यातलाच हा प्रकार.

हे शहाणपण फक्त आपल्यापुरते नाही. अमेरिका आणि कॅनडात उत्तरेकडच्या थंड सरोवरांत बास नावाचा मासा आहे. मरळीशी त्याचे नाते नाही, पण सवयी मिळत्याजुळत्या. तोही गवतात दबा धरतो, तोही रबरी बेडकावर झडप घालतो, आणि त्याचा नर घरटे करून पिल्ले राखतो. तिकडच्या हौशी लोकांना गळाचा भारी नाद. तरीही काही भागांत विणीच्या दिवसांत बास धरायला कायद्यानेच बंदी असते. हंगाम खुला झाला की मग तेच लोक पोटभर मासेमारी करतात.

आपल्याकडे मात्र उलटे चालते. पहिला जोराचा पाऊस पडला, ओहोळ वाहू लागले, की वलगणीचे मासे अंडी घालायला नदीतून ओहोळात आणि ओहोळातून खाचरात चढतात. त्याच रात्री बत्ती, काठ्या, पाग घेऊन सारा गाव लोटतो. पोटात अंडी असलेली मादी वाटेतच मारली जाते. वलगणीची हौस जुनी आहे, एकदम सुटणार नाही हे आम्ही जाणतो. पण निदान ओहोळाचे तोंड पूर्ण अडवू नका. अर्धी वाट मोकळी सोडा, निम्मे मासे वर जाऊ द्या. आणि पुराच्या पाण्यात तर उतरूच नका. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान आगगाडी अडकून पडली होती. जिथे आगगाडीचे काही चालले नाही, तिथे माणसाचे काय?

विष टाकणे, ब्लीचिंग पावडर टाकणे, सुरुंग उडवणे, विजेची तार सोडणे, हे प्रकार तर मासेमारीत धरूच नयेत. विष आणि सुरुंग यांवर १८९७ सालीच आपल्या देशात कायदा झाला होता. विष लहानमोठे काही बघत नाही. तेच पाणी तुमची गुरे पितात हे विसरू नका. भातावर औषध फवारले तर खाचराचे पाणी काही दिवस बांधातच कोंडून ठेवा, लगेच ओहोळात सोडू नका.

कुठे उलट करावे?

तुमच्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची असेल, तर तिथे मरळ ही चोर आहे. बोटुकली सोडण्यापूर्वी तिथली मरळ गळाने, जाळ्याने सगळी काढा. सोडायची असेल तर ती गावच्या तळ्यात सोडा.

तसेच आफ्रिकन मागूर गळाला लागला, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात, तर तो कधीही परत पाण्यात सोडू नका. हा खादाड परदेशी मासा आपले मासे संपवतो. २००० सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे.

धरणाच्या जलाशयात गरवायचे असेल तर आधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारा. मासेमारीचा ठेका बहुधा त्यांच्याकडे असतो, आणि त्यावर त्यांची पोटे असतात. आणखी एक सांगणे: वालधुनीसारख्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नदीतला मासा खाऊ नका, मग तो कितीही मोठा असो.

एवढे ध्यानात ठेवा

१. गवताची कड, सकाळ-संध्याकाळ, आणि पाण्यावर सावली नको.
२. जिवंत बेडकाऐवजी रबरी बेडूक. टिचकी द्या, थांबा.
३. झडप पडली की "एक, दोन" म्हणून मगच ओढा.
४. लाल पिल्लांच्या थव्याजवळ गळ टाकू नका. चुकून मरळ लागली तर तिथेच सोडा.
५. दीड वितीपेक्षा लहान मरळ परत पाण्यात.
६. आषाढ-श्रावणात काठी आढ्याला टांगा.

गावच्या बैठकीत एवढा एक ठराव करून बघा: दोन पावसाळे आपल्या तळ्यातल्या विणीच्या मरळीला हात लावायचा नाही. खर्च शून्य. तिसऱ्या वर्षी आश्विनात तळ्यावर जा, गुपचूप उभे राहा, आणि कान द्या. "चुबुक" आवाज किती ठिकाणी होतो ते तुमचे तुम्हीच मोजा.