आजोबांच्या जीपला मोठं इंजिन बसवण्याआधी

आपल्या बेळगाव भागात उसाच्या फडापासून चोर्ल्याच्या घाटापर्यंत धावलेली जुनी जीप आजही काही घरांच्या अंगणात उभी आहे. पेट्रोलचा खर्च परवडत नाही, चढाला दम लागतो, म्हणून घरातला तरुण म्हणतो, "मोठं डिझेल इंजिन बसवूया." इच्छा रास्त आहे, पण आधी गाडी समजून घ्यावी.

ही जीप मुळात इंजिन बदलूनच घडली. महायुद्धातल्या विलीज जीपला 2.2 लिटरचं, साधारण 60 अश्वशक्तीचं इंजिन होतं. 1953 च्या सीजे-3बीमध्ये तेवढ्याच आकारमानाचं, पण जास्त ताकदीचं आणि उंच इंजिन आलं. ते मावावं म्हणून बॉनेट उंच करावं लागलं. महिंद्राने अनेक वर्षे बनवलेल्या जीपचा तो उंच चेहरा इथूनच आला.

म्हणजे इंजिन एकटं बदलत नाही. सीजे-3बीच्या तीन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर सुमारे 2.8 पट, लो रेंज 2.46 पट आणि क्राउन-पिनियन 5.38 पट जोर वाढवतात. गुणाकार होतो सुमारे 37. इंजिनचा जोर थोडा वाढला, तरी चाकाकडे तो 37 पट होऊन पोचतो. चिखलात चाक अडकलं असताना अशा वेळी अॅक्सल शाफ्ट किंवा क्रॉस तुटतो.

वेगाचंही तसंच. मूळ टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी 60 किलोमीटरला इंजिन सुमारे 2,400 फेरे घेतं. 3,000 फेऱ्यांपर्यंतच चालणारं डिझेल इंजिन बसवलं, तर गाडी 75 च्या आसपास थांबते. ओढ वाढते, वेग नाही.

मग बाकीची कामं: वजन पुढे वाढतं म्हणून पाटे बदलणं, नवे फाउंडेशन, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारी प्लेट अचूक मध्यावर बसवणं, मोठा रेडिएटर, डिझेलची रिटर्न लाइन. वायरिंग 6 व्होल्टचं असेल तर ते 12 चं करावं लागतं. ब्रेक मात्र सर्वांत आधी करावेत. जड झालेली गाडी उतारावर जुन्या ड्रम ब्रेकच्या भरवशावर सोडू नये.

कागदपत्रं शेवटी नव्हे, सुरुवातीला पाहावीत. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलण्याआधी आरटीओची मंजुरी घ्यावी आणि बदलाची नोंद आर.सी.वर करून घ्यावी. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

आणि एक विनंती: काढलेलं मूळ इंजिन भंगारात घालू नका. तेल भरून, तोंडं बंद करून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या पिढीला कदाचित आजोबांची जीप पुन्हा जशीच्या तशी हवी असेल.