मालमत्ता विमा, व्यापारी व औद्योगिक

मालमत्ता विमा, व्यापारी व औद्योगिक : व्यवसायाच्या इमारती, यंत्रसामग्री, फर्निचर व मालसाठा यांची आग, वीज, स्फोट, वादळ, पूर, दंगल इ. विनिर्दिष्ट आपत्तींमुळे झालेली हानी विमाहप्त्याच्या मोबदल्यात भरून देण्याचा करार. हा विमा हानिरक्षणाच्या तत्त्वावर आधारलेला आहे. विमेदारास पूर्वस्थिती प्राप्त व्हावी, परंतु हानीतून नफा होऊ नये, हा त्याचा हेतू होय.

लंडनमधील १६६६ च्या भीषण आगीनंतर आगविम्याचा व्यवसाय संघटित रूपाने वाढीस लागला. भारतात १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमासंस्था चार कंपन्यांत विलीन करण्यात आल्या. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र खाजगी कंपन्यांनाही खुले झाले. १ एप्रिल २०२१ पासून, एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ व त्यावरील ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित विमापत्रे लागू झाली.

व्यवसायानुसार जोखीम कशी बदलते, हे पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांत स्पष्ट दिसते. रांजणगाव औद्योगिक क्षेत्रात यंत्रसामग्रीचे मूल्य मोठे असते; कुरकुंभच्या रासायनिक उद्योगांना आग व स्फोट यांचे, तर भीमा व घोड नद्यांकाठच्या गुदामांना पुराचे भय असते. साखर कारखान्यांतील बगॅसचे (उसाच्या चिपाडाचे) ढीग आतील उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकतात. अशा स्वयंज्वलनाने त्या मालाची होणारी हानी मानक आग विमापत्रातून वगळलेली असल्याने तिच्यासाठी जादा हप्ता भरून संरक्षण घ्यावे लागते. बाष्पित्राच्या स्वतःच्या स्फोटासाठीही स्वतंत्र विमापत्र असते. मानक विमापत्रानुसार इमारत ३० दिवसांहून अधिक काळ वापराविना राहणार असल्यास विमाकंपनीची संमती आवश्यक असते. अन्यथा संरक्षण खंडित होते.

विमा रक्कम कमी दाखवून हप्ता वाचविणे घातक ठरते. दौंड तालुक्यातील एखाद्या गूळव्यापाऱ्याच्या गुदामात ४० लाख रुपयांचा माल असून विमा केवळ २० लाखांचा असेल व आगीत १० लाखांचा माल जळाला, तर ‘सरासरी’च्या नियमानुसार त्यास ५ लाखच मिळतात; उरलेल्या अर्ध्या जोखमीचा विमेदार तो स्वतःच मानला जातो. हंगामानुसार साठा कमीजास्त होत असल्यास ठराविक मुदतीने साठ्याचे मूल्य कळविण्याचे घोषणा विमापत्र सोयीचे पडते. इमारत व यंत्रे यांचा विमा पुनःस्थापन मूल्यावर उतरविल्यास घसारा वजा न होता नव्याने उभारणीचा खर्च मिळतो; मात्र उभारणी प्रत्यक्ष करावी लागते.

हानी होताच विमाकंपनीस कळविणे व सर्वेक्षकास खरेदीपत्रके व साठानोंदी दाखविणे हे विमेदाराचे कर्तव्य होय. गुदामाबरोबर हिशेबवह्याही जळाल्यास हानी सिद्ध करणे दुरापास्त होते. यास्तव त्यांच्या प्रती अन्यत्र ठेवणे इष्ट ठरते.