चालता सेन्सर, तुटणारी जोडणी

रुग्णाच्या छातीवरचा ईसीजी सेन्सर वॉर्डातून आयसीयूकडे निघाला, की वाटेत त्याला एक वाय-फाय ॲक्सेस पॉइंट सोडून दुसरा धरावा लागतो. कधी सोडायचा, हे शेवटी सेन्सरच ठरवतो; आणि बराच वेळ जातो तो नवा पॉइंट शोधण्यात. ॲक्सेस पॉइंट आपली हाक साधारण दर 102 मिलिसेकंदांनी देतो. नुसते ऐकत प्रत्येक चॅनेलवर तेवढे थांबायचे, तर वीस चॅनेलना दोन सेकंद लागतात, बॅटरी खर्च होते ती वेगळीच. म्हणून भर आगाऊ माहितीवर द्यायला हवा. 802.11के या मानकामुळे शेजारच्या पॉइंटांची यादी आधीच हाती येते, 2008च्या 802.11आरमुळे सुरक्षेच्या किल्ल्यांची तयारीही आधीच होते.

मग ॲक्सेस पॉइंटच वाढवले तर? एका मर्यादेपलीकडे ते एकाच चॅनेलवर एकमेकांना अडवू लागतात, आणि जुना सिग्नल अजून पुरेसा वाटत असल्याने सेन्सर मागे पडलेल्या पॉइंटलाच चिकटून राहतो. नोंदी साठवून नंतर पाठवाव्यात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तापमानाला ते चालेल; ठोके बिघडल्याचा इशारा उशिरा पोचून कसे चालेल? मग वाय-फायच सोडले तर? लोरावॅन या दुसऱ्या बिनतारी जाळ्यात सेन्सर कोणा एका गेटवेशी बांधलेलाच नसतो: ऐकतील ते सगळे गेटवे संदेश पुढे धाडतात, सर्व्हर जादा प्रती गाळतो. गुरांच्या गळ्यातल्या पट्ट्याला ही सोय उत्तम. ईसीजीच्या अखंड आलेखाला मात्र तिचा वेग पुरत नाही.