घराभोवतीची हिरवळ

घराभोवती चार फुलझाडे लावण्याची हौस बहुतेकांस असते. परंतु पायाखालच्या गवताचा विचार फारच थोडे लोक करतात. गवत म्हणजे आपोआप उगवणारी, आणि म्हणूनच उपटून टाकावयाची वस्तू, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वास्तविक पाहता बुटके गवत नीट राखिले असता पावसाळ्यात अंगणात चिखल होत नाही, उन्हाळ्यात धूळ उडत नाही, आणि फुलांच्या रंगास उठाव देणारी हिरवी बैठक आयतीच मिळते. मात्र कोणते गवत, कोठे व किती लावावे ह्याचा विवेक आमच्या वाकडसारख्या गावी फार अवश्य आहे. कारण येथे प्रश्न केवळ शोभेचा नसून पाण्याचा आहे.

मुळा नदीच्या काठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत सामील झाले. जेथे वावरे होती तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि लोकवस्ती पाण्याहून वेगाने वाढली. २०१९ च्या नोव्हेंबरात शहरात एक दिवसाआड पाणी देण्यास प्रारंभ झाला, हे आपणांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणेही येथे कोणास नवे नाही. आता थोडे गणित करून पाहू. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरले म्हणजे ते बरोबर एक लिटर होते. कडक उन्हाळ्यात हिरव्यागार राखलेल्या गवतास रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरिले, तर ४० चौरस मीटरांच्या लहानशा हिरवळीस रोज २०० लिटर पाणी हवे. शहरातील पाणीपुरवठ्याची आखणी करताना दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरण्याची आपल्या देशात रीत आहे. म्हणजे तेवढीशी हिरवळ घरातील दीड माणसाचे पाणी पिते! म्हणून हिरवळ करावयाची तर ती बेताची करावी, आणि तहान सोसणाऱ्या गवताची करावी, हे उघड आहे.

असे गवत आपल्या दारी पूर्वापार आहे. त्यास शेतकरी हरळी म्हणतो आणि पूजा करणारा दूर्वा म्हणतो. एकाच वनस्पतीच्या वाट्यास इतका मान आणि इतके शिव्याशाप क्वचितच आले असतील. शास्त्रीय भाषेत तिचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ह्यातील दुसरा शब्द बोटावाचक ग्रीक शब्दावरून आला आहे. कारण तिच्या तुऱ्याचे तीन ते सहा फाटे हाताच्या बोटांसारखे पसरलेले असतात. हरळीच्या काड्या जमिनीवरून सरपटतात व जमिनीखालूनही धावतात. ह्या काडीच्या प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो, आणि त्या डोळ्यातून खाली मूळ व वर कोंब फुटू शकतो. विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. एक पेरा असलेला हरळीचा लहानसा तुकडा ओल्या मातीत आडवा पुरावा आणि तीन आठवडे धीर धरावा. काळ्या रानातील हरळी काढता काढता शेतकऱ्याच्या नाकी नऊ का येतात, ते मग सांगावे लागत नाही.

तिची दुसरी खुबी पानांत आहे. मका, ऊस व ज्वारी ह्या तिच्या सोयऱ्यांप्रमाणे हरळीही हवेतील कर्बवायू फार काटकसरीने शोषून घेते. त्यामुळे पानांची सूक्ष्म छिद्रे तिला फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत, आणि पाणी कमी उडून जाते. पाणी अगदीच तुटले तर ती पिवळी पडून झोपी जाते, मरत नाही; मृगाच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवी होते. मे महिन्यात पिवळी हिरवळ दिसली म्हणून शरमण्याचे काही कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ऋतूप्रमाणे अंगणाचा रंग पालटावा ह्यात अनुचित ते काय?

रोपवाटिकेत आजकाल कोरियन गवत ह्या नावाने सुईसारख्या बारीक पानांचे, मऊ लुसलुशीत गवत मिळते. ते झॉयसिया जातीचे होय. दिसण्यात हरळी त्याची बरोबरी करणार नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. ते फार उंच वाढत नाही, सबब वरचेवर कातरावे लागत नाही; परंतु पसरते अतिशय सावकाश, आणि काही वर्षांनी त्याचे उंचवटे होऊन आत वाळलेल्या पानांचा थर साचतो. पायवाटेच्या फरश्यांमधील फटीत किंवा एखाद्या दगडाभोवती ते फार खुलते. मुलांनी खेळावयाच्या जागी मात्र हरळीच लावावी.

जमिनीच्या तयारीत हयगय करू नये. वाकडच्या नव्या इमारतींभोवतीची माती वरवर चांगली दिसली, तरी खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे व मुरूम दडलेला असतो. मे महिन्यात एक फूटभर खणून हे सर्व काढावे आणि माती पंधरा दिवस उन्हात तापू द्यावी. त्याच वेळी लव्हाळ्याच्या काळ्या गाठी वेचून काढाव्या. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. त्याची फुलाची दांडी बोटांत फिरवून पाहिली असता तीन कडा हातास लागतात. खऱ्या गवताची काडी बहुधा गोल असून तिला पेरे असतात. लव्हाळा नुसता वरून उपटला तर खालची गाठ पुन्हा फुटते, म्हणून खुरप्याने खोलवर जाऊन ती माळच्या माळ काढणे हाच उपाय. बाहेरून आणलेल्या मातीतून गाजर गवताचे बीही येते. ते तर नावापुरतेच गवत, कूळ सूर्यफुलाचे. १९५६ साली पुण्यातून त्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि पुढे ते देशभर पसरले. फूल येण्यापूर्वी, हातमोजे घालून, ते मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगास खाज सुटते.

काळी माती चिकट असल्यास तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, आणि घराकडून बाहेर दहा फुटांस एक-दीड इंच असा उतार द्यावा, म्हणजे भिंतीशी पाणी मुरत नाही. पावसाने जमीन भिजल्यावर हरळीच्या मुळ्या तीन-चार इंचांच्या अंतराने टोचाव्या. श्रावणापर्यंत त्या एकमेकींस भेटतात.

आता कातरणीविषयी. झाडाचा शेंडा खुडला तर त्याची उंची खुंटते, मग गवत पुनःपुन्हा कापूनही कसे वाढते? ह्याचे उत्तर असे की, गवताच्या पानाची वाढ टोकाकडून होत नाही, बुडाकडून होते. गुराने किंवा कात्रीने वरचा भाग नेला तरी वाढीची जागा सुरक्षित राहते. तथापि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये. उन्हाळ्यात तर गवत जरा उंच, दोन इंचांपर्यंत राहू द्यावे. त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते. वेळच्या वेळी कातरल्याने तुरे येत नाहीत हाही लाभ आहे, कारण हरळीच्या परागाने काहींस शिंका व दमा ह्यांचा उपद्रव होतो.

पाणी सकाळी द्यावे. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर द्यावे. रोजच्या शिंतोड्याने मुळे वरच राहतात आणि एका दिवसाच्या खाड्याने गवत माना टाकते. मोठ्या वसाहतींत सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा असते. ती नीट चालत असेल तर बागेस तेच पाणी वापरावे. पिण्याचे पाणी गवतावर ओतणे मला तरी पटत नाही.

जेथे दिवसातून पाच-सहा तास ऊन पडत नाही, तेथे हरळीचा हट्ट धरू नये. ती विरळ होत होत नाहीशी होते. इमारतींच्या सावलीत माँडो गवत लावावे. हेही नावाचेच गवत, शतावरीच्या कुळातले. पाने गर्द हिरवी, बुटक्या जातीची उंची जेमतेम तीन-चार इंच. तुडवणे त्यास सोसत नाही, पण भिंतीच्या कडेस वा झाडाच्या बुंध्याभोवती ते वर्षानुवर्षे राहते. ज्यांस अंगणच नाही, केवळ गॅलरी आहे, त्यांनी स्टेनोटॅफ्रम हे पांढऱ्या पट्ट्यांचे रुंद पानांचे गवत टांगत्या कुंडीत लावावे. त्याच्या काड्या कडेवरून खाली लोंबतात. त्यांतील एखादी दोन पेरे ठेवून तोडावी आणि शेजारच्यांस द्यावी. पावसाळ्यात ती आठ-दहा दिवसांत मूळ धरते.