इंजिनाचा नवा कारभारी

चाकणच्या बजाज कारखान्यातून निघालेलं केटीएम ३९० चं ३७३ सीसी इंजिन देशातल्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्टुडंट गाड्यांत बसलं आहे. मात्र या स्पर्धेचा नियम असा की, पेट्रोल इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच छिद्रातून आत जायला हवी. कंपनीच्या ईसीयूने हे छिद्र कधी पाहिलेलंच नसतं. त्याचं सगळं गणित मोटरसायकलचं, आणि गाडीत नसलेला साइड स्टँडचा स्विचही तो शोधत बसतो. मग पोरं स्टँडअलोन ईसीयूच्या मागे लागतात. म्हणजे मूळ डबा काढून पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे ठरवणारा नवा डबा बसवायचा आणि त्यातला प्रत्येक आकडा स्वतः भरायचा.

काम नाजूक आहे. ९००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ६.७ मिलिसेकंदांत संपतो, एक अंश सुमारे १८.५ मायक्रोसेकंदांत. हा वेग ईसीयूला कळतो तो दात्यांच्या चाकावरून. ३६ दात्यांतला एक किंवा ६० तले दोन मुद्दाम गाळलेले असतात, आणि त्या रिकाम्या जागेवरून क्रँक कुठे आहे ते समजतं. म्हणून खरेदीआधी पहिला प्रश्न हाच, की आपल्या इंजिनाचं चाक या डब्याला वाचता येतं का? रंगीत स्क्रीन आणि लाँच कंट्रोलची चौकशी नंतर.

दुसरा प्रश्न हवेचा. इंजिनात किती हवा गेली हे मॅनिफोल्डच्या दाबावरून काढायचं, की थ्रॉटल किती उघडा आहे त्यावरून? एका सिलिंडरच्या इंजिनात दाब प्रत्येक स्ट्रोकला खालीवर होतो. ईसीयूला तो क्रँकच्या ठरावीक अंशावर मोजता येत नसेल, तर आकडे नाचत राहतात. कंटाळून अनेक जण थ्रॉटलवर जातात, आणि तिथे वेगळाच खड्डा असतो. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, बेतलेलं ट्यूनिंग चेन्नईच्या ट्रॅकवर नेलं की हवा सहा-सात टक्के दाट मिळते. पेट्रोल मात्र पुण्याच्याच हिशेबाने पडतं. मिश्रण पातळ होतं आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन जळण्याचा धोका वाढतो. बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा स्वस्तसा सेन्सर जोडला, तर हे टळतं. मिश्रण किती पातळ वा दाट आहे ते दाखवणाऱ्या वाइडबँड लॅम्बडा सेन्सरशिवाय तर ट्यूनिंगला हातच घालू नये.

ब्रँड भरपूर आहेत. सिडनीची हालटेक १९८६ ची, मेलबर्नची मोटेक १९८७ ची, आणि लिंक न्यूझीलंडची. या धंद्यातली इतकी मोठी नावं पृथ्वीच्या त्या एकाच कोपऱ्यातली निघावीत, याची गंमत वाटते. अमेरिकेत बोलिंग आणि ग्रिपो यांनी २००१ मध्ये मेगास्क्वर्ट आणलं. सुटे भाग घ्या आणि स्वतः सोल्डर करा, असा तो मामला. शिकायचं असेल तर त्याच्यासारखा गुरू नाही. पण स्पर्धा तोंडावर आली असताना अर्थिंगच्या एका सैल वायरीपायी रात्र जागवायची तयारी हवी. महागडा डबा घेऊन वायरिंग हार्नेसवर पैसे वाचवणाऱ्यांचीही गत तीच होते.

रस्त्यावरच्या गाडीचं प्रकरण निराळं. आजच्या कारमध्ये ईसीयू एकटा नसतो. एबीएस, मीटर, इमोबिलायझर सगळे कॅन बसवर त्याच्याशी बोलत असतात. तो काढला की बाकीचे गोंधळतात किंवा मुके होतात. शिवाय बीएस-६ चं प्रदूषण नियंत्रण त्याच्याच हातात असल्याने कायद्याचीही अडचण येते. तिथे स्टँडअलोनचा मोह नको. तो ट्रॅकच्या गाडीलाच शोभतो.

आणि ट्रॅकची गाडी बांधणाऱ्यांनी डब्याच्या आधी ट्यूनर गाठावा. आपल्या गावात, आपल्या डायनोवर बसून जो माणूस रात्री अकरालाही फोन उचलेल, त्याला ज्या ईसीयूचं सॉफ्टवेअर तोंडपाठ आहे, तोच घ्या, मग तो यादीत तिसरा-चौथा का असेना.