कांजिण्या गेल्या, विषाणू राहिला

लहानपणी कांजिण्या आल्या, खपल्या पडल्या, आपण विसरलो. विषाणू मात्र जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. त्याच्यावर पहारा असतो रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचा. वय वाढलं की हा पहारा ढिला पडतो. दीर्घ ताणातही तेच होऊ शकतं: मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल सोडत राहतात आणि ते टी-पेशींना, त्यांच्या इंटरफेरॉनसारख्या संदेशांना दाबतं. अशाच ताणाखाली असलेल्या नासाच्या अंतराळवीरांच्या लाळेत उड्डाणादरम्यान हा विषाणू सापडला आहे, तोही अंगावर फोड नसताना.

जागा झालेला विषाणू मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत उतरतो. आधी काही दिवस नुसती आग, मग बरगडीच्या रेषेत पाण्याच्या फोडांचा पट्टा. हीच नागीण. तिने कमरेला विळखा पूर्ण केला की माणूस जातो, ही भीती अजून घरोघरी आहे. ती खरी नाही. एका बाजूचा मज्जातंतू शरीराची मधली रेषा सहसा ओलांडत नाही, म्हणून पट्टा अर्ध्यावरच थांबतो. नागीण उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. पुरळ उठल्यापासून ७२ तासांत ॲसायक्लोव्हिरसारखं औषध सुरू झालं, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.