दोन भाषांची शिदोरी

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून आपण नेहमी जातो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात या चौघांना फाशी देण्यात आली. चारही नावे न अडखळता सांगणारी मुले आपल्या घरात किती आहेत? संध्याकाळी चहाच्या वेळी विचारून पाहावे.

अशाच प्रश्नांची स्पर्धा म्हणजे प्रश्नमंजूषा. टीव्हीवर करोडपतीचा कार्यक्रम लागला की आपली मुले पटापट उत्तरे देतात. कॉलेजात स्पर्धेची नोटीस लागली की तीच मुले मागे सरतात. "आम्ही उर्दू शाळेतले, आम्हाला कसे जमणार?" असे म्हणतात. ही समजूत दूर व्हावी, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. त्याआधी आपली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची पायरी घराजवळ आली आहे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर पुढे राज्याचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव आणि भारतीय विद्यापीठ महासंघाच्या विभागीय व राष्ट्रीय स्पर्धा आहेत. महासंघाच्या स्पर्धेत संघ तिघांचा असतो. आधी लेखी चाचणी होते आणि त्यातून निवडलेले संघ मंचावर तोंडी फेऱ्यांना बसतात.

तिघांच्या संघात दोन भाषा जाणणारा विद्यार्थी फार उपयोगाचा. पहिले मराठी वृत्तपत्र कोणते? बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण', १८३२. गंमत म्हणजे तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. आणि पहिले उर्दू वृत्तपत्र? कलकत्त्याचे 'जाम-ए-जहाँनुमा', १८२२. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा मौलाना हसरत मोहानींनी दिली, हे उर्दू वाचणाऱ्याला चटकन आठवते. चीनमध्ये रुग्णसेवा करताना वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, हे मराठी वाचणाऱ्याला ठाऊक असते. ज्याला दोन्ही येते, त्याची शिदोरी दुप्पट.

अडचण आहे, ती आम्ही लपवत नाही. मुलाला 'जियाई तालीफ' म्हणजे काय ते नीट ठाऊक असते, पण 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द ओठावर येईपर्यंत दुसऱ्या संघाचा बझर वाजतो. इथे ज्ञान कमी पडत नाही, शब्द वेळेवर सापडत नाही. त्यावर साधा उपाय आहे. एका वहीत तीन रकाने आखावेत : उर्दू, मराठी, इंग्रजी. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. रोज दहा शब्द लिहिले, तरी वर्षात साडेतीन हजारांवर जातात. सोबत एक मराठी आणि एक उर्दू वर्तमानपत्र वाचावे. घरी परवडत नसेल तर वाचनालयात जावे. हीच वही पुढे स्पर्धा परीक्षेलाही कामी येते.

एक विनंती पालकांना. स्पर्धा परगावी आहे म्हणून हुशार मुलीचे नाव संघातून मागे घेऊ नका. तिच्या प्राध्यापकांना भेटा. सोबत कोण आहे, मुक्काम कुठे आहे, परत कधी येणार, हे सारे विचारा. अम्मी-अब्बांनी विचारपूस करणे रास्तच आहे. पण विचारपूस न करताच नकार देणे तिच्यावर अन्याय आहे.

जिंकून आली तर अल्हम्दुलिल्लाह. हरली तरी ती रिकाम्या हाताने येत नाही. न आलेल्या उत्तरांची यादी घेऊन येते. त्या रात्री दस्तरखानावर बसल्यावर, किती गुण मिळाले हे विचारण्याआधी तिला विचारा, "बेटी, कोणता प्रश्न चुकला?" आणि उत्तर सगळ्यांनी मिळून शोधा.